साताऱ्याचे कारखाने आणि शाळेतली मुले

साताऱ्यात शाळा आणि कारखाना यांचे नाते जुने आहे, आणि ते जुळवणारा माणूस कारखान्याचा मालक नव्हता. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांचा ओगलेवाडीचा काच कारखाना, किर्लोस्करवाडीचा नांगरांचा कारखाना आणि साताऱ्यातील कूपर कारखाना या तिन्हींशी संबंध आला होता. लोखंडी नांगराच्या विक्रीसाठी गावोगाव हिंडताना त्यांनी शेतकऱ्याच्या घरातले दारिद्र्य आणि निरक्षरता जवळून पाहिली. पुढे त्यांच्या संस्थेत रुजलेल्या ‘कमवा आणि शिका’ या योजनेत अंगमेहनत ही शिक्षणाच्या आड येणारी गोष्ट मानली गेली नाही, हे आजही ध्यानात घेण्यासारखे आहे.

आज साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लहानमोठे यंत्रभाग तयार करणारे अनेक कारखाने आहेत. त्यांच्या फाटकावरून रोज शाळेला जाणाऱ्या मुलांना आत काय चालते याची मात्र बहुधा कल्पना नसते. अशाच एका कारखान्यात दहावीच्या मुलांचा एक गट आला आहे. फोरमन त्यांच्या हातात लेथवरून, म्हणजे धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रावरून, नुकताच उतरलेला एक बुश (पोकळ नळकांड्यासारखा यंत्रभाग) आणि जबड्यांत वस्तू धरून मोजणारा व्हर्निअर कॅलिपर देतात. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर दिलेला आहे आणि ०.०३ मिलिमीटर इतकाच फरक दोन्ही बाजूंना चालणार आहे. पहिल्या मुलाचे माप अचूक २५ येते, दुसरीचे २४.९८ आणि तिसऱ्याचे २४.९४. एकाच बुशची ही तीन मापे. फोरमन हसून तिसऱ्याला म्हणतात, “बाळा, जबडे इतके आवळू नकोस. तुझ्या मापावर विश्वास ठेवला असता, तर चांगला जॉब भंगारात गेला असता.” अचूकता म्हणजे काय, हे मुलांच्या हाताला त्या एका वाक्यात कळते, दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकाला पैशाची किंमत असते, हेही कळते.

शाळांना स्थानिक उद्योगांकडून नेमके काय हवे, याचे उत्तर या प्रसंगात आहे. मदत म्हटली की आपल्याकडे पंखे, बाके आणि त्यावर ठळक अक्षरांत रंगवलेले देणगीदाराचे नाव आठवते. पंखा लागतोच, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु अनुभवी फोरमनचे दोन तास त्याहून दुर्मीळ आहेत. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. वसाहतीतील बहुतेक छोटे कारखाने या मर्यादेच्या बाहेर आहेत. त्यांना कायद्याची सक्ती नाही आणि त्यांच्याकडे मोठा निधीही नाही. द्यायला आहे तो वेळ, कसब आणि उघडे फाटक.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम शिकावे, असे सुचवले आहे. त्यात लेथ चालवणाराही बसतो आणि कंदी पेढ्याचा व्यापारीही, कारण रोजच्या दुधाचा हिशेब, साठा आणि देयके यांतून वाणिज्य शाखेचा अभ्यास प्रत्यक्ष दिसतो. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते. शिकायला आलेल्या मुलांना फुकटचे मजूर समजणे हा शिक्षणाचा अपमान आहे, आणि धोक्याच्या कामांत अठरा वर्षांखालील मुलांना लावण्यास कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे चालू यंत्राला हात न लावता पाहणे, मोजणे आणि प्रश्न विचारणे, एवढीच या भेटीची सीमा असली पाहिजे.

पालकांची धास्ती वेगळी असते. कारखाना दाखवला की मुलगा कॉलेज सोडून नोकरीला लागेल, असे अनेकांना वाटते. वास्तविक, दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट असते आणि डिप्लोमा झालेल्यास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे आणि त्यात विद्यावेतनाची तरतूद आहे. ही माहिती कारखान्यात त्याच वाटेने वर आलेल्या एखाद्या सुपरवायझरने सांगितली, तर घरी जाऊन मुलगी आईवडिलांना ती खात्रीने सांगू शकते. फक्त ती वेळेवर मिळायला हवी. दहावीच्या निकालानंतर प्रवेशाच्या धावपळीत कारखाना दाखवून उपयोग नाही; नववीच्या दिवाळीनंतर, निवडीला अजून दीड वर्ष अवकाश असताना, शाळेने आणि कारखान्याने मिळून ती भेट ठरवावी.