उष्टं पाणी

तळहातावरचं हे पितळी टोकन. कडा झिजल्यात, पण ‘सेकंड क्लास’ ही अक्षरं अजून बोटाला लागतात. इंग्लंडच्या सार्वजनिक स्नानगृहांत, जिथे आंघोळीसोबत पोहण्याचे तलावही असत, अशी टोकनं चालत. खिडकीवर पैसे भरायचे, टोकन घ्यायचं, आत उभ्या असलेल्या माणसाच्या हातावर ठेवायचं.

या सगळ्याची सुरुवात पोहण्यातून झाली नाही, धुण्यातून झाली. १८३२. लिव्हरपूलमध्ये कॉलऱ्याची साथ. किटी विल्किन्सन या कष्टकरी बाईच्या घरी पाणी तापवायची सोय होती. तिने ती शेजारपाजारच्यांना खुली केली. घेई आठवड्याला एक पेनी. साथीतले कपडे, अंथरुणं तिथे धुऊन निघत. १८४२ मध्ये त्याच शहरात फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक न्हाणीघर आणि धुणीघर उघडलं. १८४६ च्या कायद्याने इतर गावांनाही वाट मोकळी झाली. गरिबांसाठी थंड पाण्याची आंघोळ एक पेनी, गरम पाण्याची दोन. त्याहून जास्त घ्यायचे नाहीत.

आता ही दारं बघा. मँचेस्टर, व्हिक्टोरिया बाथ्स हे सार्वजनिक स्नानगृह, १९०६. पुरुष, पहिला वर्ग. पुरुष, दुसरा वर्ग. स्त्रिया. आत येणारा माणूस कोण, ते रस्त्यावरच ठरायचं. पहिल्या दारामागे हिरव्या टाइल्स आणि रंगीत काचा. त्यांवरून नजर हलायला तयार होत नाही.

पाणी मात्र एकाच विहिरीचं. ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या तलावात. तिथे वापरून झालं की दुसऱ्या वर्गाला. तिथून उरलंसुरलं बायकांना. कालव्याच्या शेपटाला ज्याचं शेत आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हिवाळ्यात पहिल्या वर्गाच्या तलावावर फळ्या टाकत. वर नाच, खाली रिकामा हौद.

१९९३ मध्ये महापालिकेने तलाव बंद केले. वस्तीचं पोहणं थांबलं.

लोक मात्र इमारतीला चिकटून राहिले. २००३ मध्ये बीबीसीच्या एका मालिकेत प्रेक्षकांनी डागडुजीसाठी हिलाच कौल दिला. काचा उजळल्या, टाइल्स घासूनपुसून निघाल्या. रोजचं पोहणं अजून सुरू झालेलं नाही.

हा पहिल्या वर्गाचा तलाव. लांबी ७५ फूट. कडेला कपडे बदलायच्या खोल्यांची रांग. कोरड्या तळावरून उथळ टोकाकडून निघालं की पायाखाली हळूहळू उतार लागतो.