मेनिफोल्ड उतरवण्याआधी

(कुडाळ येथे आयटीआयची मुले आणि जुन्या गाड्यांचे हौशी मालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या आहेत. डावीकडचा काळा, खडबडीत, ओतीव लोखंडाचा तुकडा म्हणजे अँबॅसिडरचा मेनिफोल्ड, इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे सोडणारा भाग. वयाने या सभागृहातल्या बहुतेकांपेक्षा मोठा आहे आणि आज परत इंजिनावर चढवला तरी तक्रार न करता चालेल. उजवीकडे आहे तो हेडर, मेनिफोल्डच्या जागी लावायचा वेगवेगळ्या पाईपांचा जोड. मालकाने मुंबईहून मोठ्या हौसेने आणवला होता. त्याने इथले तीन पावसाळे खाल्ले आणि हा असा झाला. बेंडच्या बाहेरच्या बाजूला बोट लावून बघा, पापडासारखा मोडतो. पाईप वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, पातळ होते, आणि गंज आरपार जायला तीच जागा शोधतो.

आता तुम्ही म्हणाल, मग हा माणूस हेडर लावूच नका सांगायला आलाय. तसं नाही. माझ्या गॅरेजची निम्मी भाकरी हेडरवर चालते. पण कोकणात हेडर लावायचा तर इथला घाट आणि इथली हवा बघून लावावा, एवढं सांगायला आलोय.

आधी हेडर करतो काय ते बघू. ओतीव मेनिफोल्डमध्ये सगळ्या सिलिंडरांचा धूर एका आखूड, ओबडधोबड डब्यात येऊन एकमेकांवर आदळतो. हेडरमध्ये प्रत्येक पोर्टला, म्हणजे धूर बाहेर पडायच्या भोकाला, स्वतःचा पाईप असतो आणि ते सगळे पुढे कलेक्टरमध्ये एकत्र येतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की धुराचा एक गोळा पाईपमधून सुटतो. त्याच्याबरोबर निघालेली दाबाची लाट कलेक्टरच्या मोकळ्या जागेत पोचली की तिथून उलटी, ओढणारी लाट मागे फिरते. तारकर्लीला लाट परतताना पायाखालची वाळू कशी ओढून नेते? तशीच ही लाट सिलिंडरमध्ये उरलेला जळका वायू ओढून काढते. मात्र ती व्हॉल्व्ह उघडा असतानाच परत यायला हवी. त्यासाठी पाईपची लांबी आणि जाडी जुळावी लागते, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

माझी पहिली फजिती जाडीतच झाली. माझ्या पेट्रोल जीपला, ती जुनी महिंद्रा, हरिकेन इंजिनाची, मी स्वतः हेडर बनवला. गॅरेजात 50 मिलिमीटरचा पाईप शिल्लक पडला होता. जाड पाईप म्हणजे मोकळा श्वास, असा माझा तेव्हाचा हिशेब. लावला, जीप वाघासारखी गुरगुरायला लागली, आणि आमच्या मिस्त्रींना शेजारी बसवून मी आंबोली घाटात घातली. वर आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर. तिसऱ्या वळणाला जीपने दम सोडला. दुसरा गिअर ओढेना, पहिल्यात टाकली तर माणूस चालत पुढे जाईल. मिस्त्री बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘आवाज बरो येता रे, पण गाडी खंय चढता?’’

चूक साधी होती. त्या इंजिनाला 38 मिलिमीटरचा पाईप पुरला असता. 38 च्या जागी 50 घातला की भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोनपट होतं, आणि कमी फेऱ्यांवर धूर त्यातून रेंगाळत जातो. वेग गेला की ओढही गेली. रेसच्या गाड्या मिनिटाला 6000 फेऱ्यांवर पळतात, त्यांना जाड पाईप चालतो. आपण आंबोली, फोंडा, करूळ घाटात दीड-दोन हजारांवर खेचत असतो. आपल्याला लागतो लांब आणि बारीक पाईप. आवाज कमी येईल, येऊ दे. डिझेल जीपवाल्यांनी, म्हणजे प्यूजो इंजिनाच्या एमएम 540 वगैरे, तर हेडरचे पैसे वाचवून नोझल आणि पंप तपासून घ्यावा. टर्बो नसलेल्या त्या डिझेलला हेडरने हाती फारसं काही लागत नाही.

अँबॅसिडरची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार आवडते. तिचं जुनं 1489 सीसीचं इंजिन बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं. सिलिंडर चार, पण एक्झॉस्टची भोकं तीनच. दोन आणि तीन नंबर मिळून मधलं एक भोक वापरतात. एकदा एका पोराने चार पाईपचा हेडर विकत आणला आणि चौथा कुठे लावू विचारत आला. आता बघा, इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. तीन पेटल्यावर चार आणि मग दोन, म्हणजे दोन आणि तीन यांच्यात क्रँकचा एक पूर्ण फेरा जातो. एकाच दारातून जायचं असूनही ते एकमेकांना अडवत नाहीत. एक आणि चार यांच्यातही तेवढंच अंतर. म्हणून या इंजिनाच्या चांगल्या हेडरमध्ये बाहेरचे दोन पाईप आधी एकमेकांना मिळतात आणि मधला एकटा लांबवर जाऊन खाली त्यांना भेटतो. विकत घेताना मधला पाईप लांब आहे का ते बघा. आणि कुठल्याही गाडीला परदेशी हेडर मागवणाऱ्यांनी हेही बघा, की तो डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी बनलेला आहे का. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. पार्सल उघडल्यावर पाईप नेमका त्यावर आपटतो असं कळलं तर दोष कुणाला देणार?

आता हवा. खारी हवा बाहेरून खाते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आतून काय खातं ते सांगतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. वाफ असते तोवर ठीक. पण घर ते बाजार, बाजार ते घर एवढीच गाडी फिरली तर सायलेन्सर नीट तापत नाही आणि ते पाणी आत साचतं. वर चार महिने ताडपत्रीखाली गाडी उभी. त्यातच हल्ली पाईपला पट्टी गुंडाळायची फॅशन आली आहे. कोरड्या मुलखात ती पट्टी बॉनेटखालची उष्णता कमी करते, खरं आहे. आपल्याकडे ती पाणी आणि मीठ धरून बसते, ओलं फडकं लोखंडाला बांधून ठेवल्यासारखं. हा उजवीकडचा पाईप पट्टीखालीच मेला. सिरॅमिक कोटिंग करून घ्या, महाग पडेल, पण टिकेल. स्टेनलेस घेतलात तर 304 जातीचा चांगला, तरी किनाऱ्यावर त्यालाही तांबूस डाग पडतात. आणि तो तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त वाढतो. अर्धा मीटर पाईप 500 अंशांनी तापला तर साधं लोखंड 3 मिलिमीटर वाढतं, स्टेनलेस 4 च्या वर. म्हणून कलेक्टरनंतर लवचीक जोड हवाच. इंजिन रबरावर हलतं, चासी हलत नाही. पाईप दोघांना घट्ट बांधलात तर वेल्डिंगपाशी तडा ठरलेला.

बनवण्याबद्दल थोडंच बोलतो. पाण्याचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाईप वापरू नका. स्वस्त मिळतो, बागेत पडलेला असतो, पण वेल्डिंग करताना त्यावरचं जस्त उडतं आणि तो धूर घेतलेला माणूस रात्री हुडहुडी भरून पडतो. मी पडलोय. फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकणारी सपाट पट्टी, 10 मिलिमीटरचा घ्या आणि पूर्ण वेल्डिंग होईपर्यंत जाड प्लेटला बोल्ट करून ठेवा. मोकळा ठेवलात तर केळ्यासारखा वाकतो आणि मग किती पॅकिंगं घातली तरी फटफट थांबत नाही.

आणि मेनिफोल्ड उतरवणं. लोक म्हणतात, चार नट तर आहेत. पन्नास वर्षांचा स्टड, म्हणजे इंजिनात रोवलेला आट्यांचा दांडा, आणि त्यावरचा नट वेगळे राहिलेले नसतात, एकजीव झालेले असतात. तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी तेल सोडा. चौथ्या दिवशी फक्त नट तापवा, आणि जरा निवू लागला की साधी मेणबत्ती त्याच्या मुळाशी टेकवा. मेण वितळून आट्यांमध्ये शिरताना दिसतं. मग पाना लावा, अर्धा आटा पुढे, अर्धा मागे. करकर आवाज आला तर थांबा, पुन्हा मेण. घाई करून स्टड तुटला की हेडमध्ये किंवा ब्लॉकमध्ये ड्रिल घालत अख्खा दिवस जातो. नवीन नट पितळेचे घ्या, ते धरत नाहीत. जुनं पॅकिंग कोरडं खरवडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ओलं करून काढा, तोंडाला मास्क लावा.

कायद्याचं एकाच दमात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 190(2) खाली आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडली तर पहिल्या वेळीच 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ज्यांना 50 वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची आहे त्यांच्यासाठी 2021 चे नियम गाडी मूळ रूपात हवी म्हणतात. म्हणून उतरवलेला मेनिफोल्ड भंगारात देऊ नका. ग्रीस फासून गोणपाटात गुंडाळा आणि माळ्यावर ठेवा. मी भंगाराच्या भावाने गेलेले मेनिफोल्ड दसपट पैसे देऊन परत आणलेत.

हेडर बसवल्यावर कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तपासा, धूर मोकळा झाला की मिश्रण पातळ पडतं. प्लग काढून बघा, पांढरा दिसला तर जेट वाढवा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागे फटाके फुटत असतील तर आधी जोडातून हवा जातेय का बघा. आणि पहिल्यांदा तापून गार झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळायचे असतात, हे दहातले आठ जण विसरतात.

बाहेर माझी अँबॅसिडर उभी आहे. हेडर कालच बसवलाय, आज सावंतवाडीहून चालवत आणली. एवढ्या वेळात गार झाली असेल. पाना खिशात आहे, मधल्या नटापासून सुरुवात करायची आणि बाहेरच्या बाजूला जायचं. कोण येतंय?