फळ्यासमोरचे मौन

(जळगाव येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थिमित्रहो, मी मूळचा यावल तालुक्यातला. गेली १२ वर्षे पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो, आणि त्यांतली बरीच वर्षे अशा कंपन्यांत गेली, जिथे एका दिवाळीला ४० माणसे होती आणि पुढच्या दिवाळीला १५०. या काळात मुलाखती दिल्या थोड्या, घेतल्या पुष्कळ. त्यामुळे आपल्याकडची हुशार मुले नेमकी कुठे अडतात, हे जवळून पाहता आले.

खानदेशातलाच एक मुलगा समोर होता. लांबलचक यादीत दोनदा आलेला क्रमांक शोधून दाखव, असा साधा प्रश्न मी त्याला दिला. त्याने मार्कर उचलला, फळ्याकडे तोंड केले आणि ११ मिनिटे तो एक शब्द बोलला नाही. मग हॅश टेबल, म्हणजे आधी पाहिलेला क्रमांक चटकन सापडावा अशी नोंद ठेवण्याची रचना, वापरून आठ ओळींत बिनचूक उत्तर लिहिले, मार्करला टोपण लावले आणि हात मागे बांधून उभा राहिला. यादी आधी क्रमाने लावून घेण्याचा विचार केला होतास का, असे विचारले तेव्हा म्हणाला, "हो सर, पण त्याला वेळ जास्त लागला असता, म्हणून सोडून दिलं." मला जे ऐकायचे होते ते सगळे या एका वाक्यात होते, आणि तेच खणून काढावे लागले.

माझ्या सहकाऱ्याने त्याला नकार दिला. हा सहकारी मुद्दाम दुसऱ्या गटातून बोलावलेला होता. ॲमेझॉनमध्ये १९९९ पासून 'बार रेझर', म्हणजे 'पातळी उंचावणारा', या नावाची अशीच पद्धत आहे. जागा भरण्याची घाई नसलेला एक माणूस मुलाखतीत बसवायचा, म्हणजे कामाच्या ओझ्याखाली कोणालाही घेऊन टाकण्याचा मोह आवरतो. मी त्या मुलासाठी भांडलो, पण सहकाऱ्याचे म्हणणे मला खोडता आले नाही.

ते म्हणणे असे होते. पाच माणसांच्या गटात एकमेकांना समजावून सांगावे लागेल अशा दोघादोघांच्या जोड्या होतात १०. तीच माणसे ५० झाली की जोड्या होतात १,२२५. आयबीएमच्या सिस्टीम ३६० या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे की, रखडलेल्या प्रकल्पात आणखी माणसे घातली तर तो जास्तच रखडतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना समजावण्यात जातो. केळीच्या बुंध्याशी फुटणारे कोंब, म्हणजे मुनवे, वाढू दिले तर घड भरत नाही, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण वाढत्या कंपनीला मुनवे कापून चालत नाही, तिला तेच हवे असतात. मला पहिल्या आठवड्यात काम शिकवणारी मुलगी स्वतः तीन आठवड्यांपूर्वी आलेली होती. अशा ठिकाणी मनातले मनातच ठेवणारा माणूस, कितीही हुशार असला तरी, शेजाऱ्याला महाग पडतो.

आपल्याकडे थोरांसमोर अर्धवट विचार बोलून दाखवणे उद्धटपणाचे मानतात. त्यात घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत मराठी आणि मुलाखत इंग्रजीत. म्हणून माझे सांगणे असे की, खोलीतल्या मित्राला समोर बसवून प्रश्न आधी आपल्या बोलीत मोठ्याने सोडवा. कोणता रस्ता धरला, कोणता सोडला आणि का, हे सांगत जा. ती सवय लागली की मगच इंग्रजीकडे वळा. मी स्वतः असेच केले, आणि माझे इंग्रजी अजूनही फारसे ऐकण्यासारखे नाही.

पगाराविषयी थोडक्यात सांगतो. कंपनीचे शेअर देऊ केले, तर ते साधारणपणे चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येतात आणि पहिले वर्ष पुरे होण्याआधी सोडल्यास बहुधा काहीच मिळत नाही. घरखर्चाचा हिशेब रोख पगारावरच मांडा.

मुलाखतीच्या शेवटी तुम्हालाही प्रश्न विचारायला सांगतात, तेव्हा "काही नाही" म्हणू नका. मी एकदा विचारले होते, "या गटात सर्वांत जुने कोण?" समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि त्यांतला एक जण जरा ओशाळून म्हणाला, "मीच. सात महिने." ती नोकरी मी घेतली, पण पहिल्या दिवसापासून वही सोबत ठेवली.