मॅलार्डचं मॉडेल घेताय? आधी साल ओळखा!

मंडळी, हे मॅलार्ड. ३ जुलै १९३८ ला इंग्लंडमधल्या स्टोक उतारावर हे इंजिन क्षणभर ताशी १२६ मैल, म्हणजे साधारण २०३ किलोमीटर वेगाने धावलं. वाफेच्या इंजिनाचा तो अधिकृत विक्रम आजही कायम आहे.

विक्रमाचं सगळेच सांगतात. मॉडेल घ्यायचं असेल तर मात्र वेगळा प्रश्न विचारा: हे कोणत्या सालचं मॅलार्ड?

(मॉडेलची बाजू कॅमेऱ्याजवळ)

चाकांवर आलेली ही पत्र्याची झालर बघा. इंजिनांचे रचनाकार नायजेल ग्रेस्ली यांची ए-फोर वर्गातली इंजिनं (मॅलार्ड त्यातलंच एक) १९३५ पासून डॉनकास्टरच्या कारखान्यातून निघाली, ती हवा कापत जावीत म्हणून अशी झाकलेली. दिसायला झकासच! पण तेल घालायला, सांधे तपासायला हा पत्रा सारखा आड यायचा. युद्धात आधीच माणसांची चणचण, म्हणून झालरी काढल्या आणि नंतरही परत लावल्या नाहीत. मॅलार्डला ती पुन्हा मिळाली थेट संग्रहालयात जाताना.

म्हणजे निळा रंग, लाल चाकं आणि झालर असेल तर मॉडेल युद्धाआधीचं, नाहीतर यॉर्कच्या संग्रहालयातलं. हिरवा रंग आणि ६००२२ नंबर असेल तर युद्धानंतरचा ब्रिटिश रेल्वेचा काळ, तिथे झालर नको. हिरव्या मॅलार्डवर झालर दिसली की दुकानदाराला हसून नमस्कार करा आणि पुढे चला.

आता वरून बघा. धुराडं लांबट आहे, कारण आत दोन नळ्या आहेत. वापरलेली वाफ झटकन बाहेर पडते, सिलिंडरवर उलटा दाब कमी येतो. एकूण ३५ ए-फोर बनली, पण जन्मतः जोड धुराडं फक्त चौघांना: मॅलार्ड, सीगल, पेरेग्रिन, कॅपरकेली. सेवेत उरलेल्या बाकीच्यांना ते १९५७-५८ मध्ये बसवलं. त्यात ‘एम्पायर ऑफ इंडिया’ नावाचंही एक होतं, मूळ नंबर ४४९०. ते निळं, झालरीसकट आणि वर जोड धुराडं? मग कुणीतरी नुसती नावाची पाटी बदललीय.

(मॉडेल समोरून)

समोरून चाकं जरा आत ओढल्यासारखी वाटतात ना? ओओ या ब्रिटिश मॉडेलांच्या मापात बॉडी १:७६, पण दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, हिशेबाने जवळपास १८.८ हवं. ब्रिटिश इंजिनं अंगाने बारीक, त्या काळच्या मोटरी आत मावेनात, म्हणून बॉडी मोठी केली आणि रूळ आधीच्या लहान मापाचेच ठेवले. ही खोड सगळ्याच ओओ मॉडेलांत असते, त्यासाठी भाव पाडून मागू नका.

आणि तो विक्रमी वेग या मापात? सेकंदाला ७४ सेंटिमीटर. सहा फुटी टेबल अडीच सेकंदांत संपतं, तेव्हा कंट्रोलरची खुंटी जरा बेतानं फिरवा.