कर्नल बदलतो तेव्हा ड्रायव्हरचे ओझे कोणी वाहायचे?

(संपादित व्याख्यान)

श्रोतेहो, लिनक्सच्या जगात एक वाद गेली वीस-पंचवीस वर्षे चालू आहे आणि दर काही महिन्यांनी तो नव्या निमित्ताने पेट घेतो. कोणीतरी कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, अपडेट करतो, संगणक पुन्हा सुरू करतो आणि ग्राफिक्स कार्डाचा किंवा वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा कोड, लोड होत नाही. मग कर्नल लिहिणारे कंपनीकडे बोट दाखवतात, कंपनी कर्नलकडे, आणि ज्याचे काम अडले आहे तो मध्येच राहतो. या वादाला तांत्रिक बाजू आहे, कायदेशीर बाजू आहे. पण माझ्या मते त्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. कर्नल बदलत राहणार हे ठरलेले असताना, त्या बदलामागे धावण्याचे कष्ट कोणी करायचे?

आधी ड्रायव्हर तुटतो म्हणजे नेमके काय होते ते पाहू. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर हे मॉड्यूल असतात, म्हणजे कर्नल चालू असतानाच त्याला जोडले जाणारे तुकडे. जोडला गेला की मॉड्यूल कर्नलच्याच अधिकाराने चालतो. त्याची चूक ही कर्नलची चूक ठरते आणि सगळी यंत्रणा कोसळू शकते. म्हणून प्रत्येक मॉड्यूलमध्ये 'व्हरमॅजिक' नावाची एक ओळ साठवलेली असते. तो कर्नलच्या कोणत्या आवृत्तीसाठी बांधला, त्यात अनेक प्रोसेसरांचा आधार होता का, प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरे सुरू करणे) कोणत्या प्रकारचे होते, हे तीत लिहिलेले असते. ही ओळ जुळली नाही तर कर्नल मॉड्यूल घेत नाही, आणि ही काळजी अनाठायी नाही. कर्नल बांधताना एखादा पर्याय चालू किंवा बंद केला की आतल्या डेटा स्ट्रक्चरचा आकार बदलतो. ड्रायव्हर ज्या जागी एक आकडा आहे असे समजून वाचतो, तिथे प्रत्यक्षात दुसऱ्याच गोष्टीचा पत्ता असू शकतो. स्वतःच्या गरजेनुसार कर्नल बांधून घेणाऱ्याला ही अडचण म्हणूनच अधिक भोगावी लागते. त्याच्या कर्नलवर आवृत्तीचा आकडा इतरांसारखाच असला तरी आतली रचना वेगळी असू शकते.

मग आतली रचना कायम का ठेवत नाहीत? हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला की कर्नलचे एक प्रमुख देखभालकर्ते ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्याचे उत्तर लिहून कर्नलच्या कागदपत्रांतच ठेवले आहे. त्याचा आशय असा: कर्नल आणि बाहेरचे प्रोग्रॅम यांच्यातला व्यवहार स्थिर आहे आणि तो मोडू दिला जात नाही, कर्नलच्या आतला व्यवहार मात्र स्थिर नाही, आणि तसा तो ठेवला जाणारही नाही. त्यात यूएसबीचे उदाहरण आहे. लिनक्समधला यूएसबीचा आतला इंटरफेस किमान तीन वेळा मुळापासून नव्याने मांडला गेला. कर्नलच्या झाडात, म्हणजे त्याच्या मूळ कोडच्या संग्रहात, असलेले यूएसबी ड्रायव्हर, तो बदल करणाऱ्यांनी स्वतःच दुरुस्त केले. जुना इंटरफेस कोणासाठी तरी जपून ठेवायचा असता, तर त्यातल्या उणिवा आणि सुरक्षेची भोकेही जपावी लागली असती.

मला ही भूमिका पटते, आणि कारणही सांगतो. ड्रायव्हर कर्नलमध्ये दिला की त्याची देखभाल सामुदायिक होते. कंपनी बुडाली, तिने उत्पादन बंद केले, तरी यंत्र चालत राहते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे, उत्पादकाने केव्हाच सोडून दिलेले प्रिंटर आणि नेटवर्क कार्डे लिनक्सवर आजही निमूट चालतात, ती याच धोरणामुळे.

पण धोरण पटले म्हणून त्याची सगळी हत्यारे पटतात असे नाही. 2001 मध्ये कर्नलने दोन गोष्टी आणल्या. मॉड्यूलने आपला परवाना जाहीर करायचा, आणि कर्नलमधली काही फंक्शने फक्त जीपीएल, म्हणजे कर्नलच्याच खुल्या परवान्याच्या मॉड्यूलांनाच वापरता येतील अशी खूण करायची. मालकी हक्काचा, म्हणजे कोड बंद ठेवलेला मॉड्यूल जोडला की कर्नल स्वतःवर 'टेन्टेड' असा डाग लावून घेतो, म्हणजे पुढे बिघाडाची तक्रार आली तर आत परका, न दिसणारा कोड होता हे तपासणाऱ्याला कळते. दुसऱ्याच्या बंद पेटीतला दोष शोधत आपल्या रात्री घालवायच्या नाहीत, ही कर्नल लिहिणाऱ्यांची मागणी रास्तच म्हणावी लागेल.

या कुंपणातून वाट काढण्याचे प्रयत्नही लगेच झाले. 2004 मध्ये लिनक्संट या कंपनीच्या मोडेम ड्रायव्हरमध्ये एक वेगळाच प्रकार उघडकीला आला. त्याच्या परवान्याच्या ओळीत 'जीपीएल' या अक्षरांनंतर शून्य बाइट घातली होती आणि त्यापुढे 'जीपीएल नावाच्या फोल्डरमधल्या फायलींपुरते' अशा अर्थाचा मजकूर होता. सी भाषेत शून्य बाइट आली की मजकूर संपला असे मानतात. म्हणून कर्नलने फक्त 'जीपीएल' एवढेच वाचले आणि डाग लावला नाही. कंपनीचा खुलासा असा होता की तिचा ड्रायव्हर अनेक मॉड्यूलांचा मिळून बनलेला असल्याने प्रत्येकासाठी एकेक इशारा पडद्यावर येई आणि ग्राहक घाबरत. ग्राहकाची अडचण खरी होती हे मान्य केले, तरी जी माहिती लपवली गेली ती त्याच ग्राहकाच्या बिघाडाचे निदान करणाऱ्याला हवी होती. 2020 मध्ये दुसरी वाट बंद झाली. बंद ड्रायव्हर आणि कर्नल यांच्यामध्ये जीपीएल परवान्याचा एक छोटा मॉड्यूल ठेवून त्याच्याकरवी राखीव फंक्शने वापरण्याची पद्धत होती. कर्नल लिहिणारे क्रिस्टोफ हेलविग यांच्या बदलामुळे कर्नल 5.9 पासून, जो मॉड्यूल बंद मॉड्यूलवर अवलंबून असेल तोही बंदच मानला जाऊ लागला. ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाचा तेव्हाचा ड्रायव्हर 5.9 वर नीट चालेना, आणि वापरणाऱ्यांना कंपनीची सुधारित आवृत्ती येईपर्यंत जुन्याच कर्नलवर थांबावे लागले.

आता फेब्रुवारी 2024 मधली एक घटना जरा जवळून पाहू, कारण या वादाचा सगळा गुंता तीत एकवटला आहे. डेबियन या लिनक्स वितरणाची 12.5 ही आवृत्ती बाहेर पडली आणि त्याबरोबर 6.1.76 हा कर्नल आला. अपडेट करणाऱ्या अनेकांच्या यंत्रांवर एनव्हिडियाचा मॉड्यूल बांधला जाईना. चूक अशी दिसे: जीपीएलशी न जुळणारा मॉड्यूल 'आरसीयू रीड लॉक' (सामाईक डेटा वाचताना लावायचे कुलूप) हे जीपीएलसाठी राखीव फंक्शन वापरतो आहे. गंमत नव्हे, खरीच गोष्ट सांगतो, ड्रायव्हरमध्ये एक अक्षरही बदललेले नव्हते. स्मृतीचा एखादा पत्ता वैध आहे का हे पाहणारे 'पीएफएन व्हॅलिड' नावाचे एक छोटे फंक्शन ड्रायव्हर वापरत होता. ते इनलाइन आहे, म्हणजे त्याचा मजकूर वापरणाऱ्याच्याच कोडमध्ये जाऊन बसतो. कर्नलमधली एक खरी शर्यतीची चूक (दोन कामे एकाच वेळी एकाच डेटावर गेल्याने होणारी) दुरुस्त करताना त्या फंक्शनमध्ये आरसीयूचे कुलूप घातले गेले, आणि ते कुलूप इनलाइन मजकुराबरोबर ड्रायव्हरच्या पोटात शिरले. याहून लक्षात घेण्याजोगे पुढे आहे. ज्या कर्नलमध्ये प्रीएम्प्टिबल आरसीयूचा पर्याय बंद असतो तिथे हे कुलूप स्वतंत्र फंक्शन म्हणून उरतच नाही, त्यामुळे त्या कर्नलवर काहीच बिघडले नाही. डेबियनने तो पर्याय चालू ठेवला होता, म्हणून तिथे बांधणी फुटली. एकच ड्रायव्हर, एकच दुरुस्ती, पण एका बांधणीत परवान्याचा भंग आणि दुसऱ्या बांधणीत काहीच नाही! डेबियनला सुधारलेला ड्रायव्हर घाईने द्यावा लागला.

यात दोषी कोणाला म्हणायचे? दुरुस्ती करणाऱ्याने योग्य तेच केले. त्याला बाहेरच्या ड्रायव्हरचा विचार करण्याचे बंधन नव्हते. पण राखीव फंक्शनामागची मूळ कल्पना अशी होती की ते वापरणारा मॉड्यूल कर्नलच्या अंतरंगाशी इतका जोडलेला आहे की तो त्याचाच व्युत्पन्न भाग ठरावा. कर्नलनेच देऊ केलेल्या एका साध्या विचारणेतून नकळत आत आलेले कुलूप या कसोटीला उतरत नाही. इथे खुणेचा अर्थ हरवला आणि उरला तो केवळ अडथळा.

झेडएफएसच्या बाबतीत मला हे आणखी खटकते. ती फाइल प्रणाली सन या कंपनीने (पुढे ती ओरॅकलने विकत घेतली) लिहिली आणि तिचा कोड सीडीडीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुला आहे; तिथे लपवण्यासारखे काही नाही. कर्नल 5.0 च्या तयारीत, 2019 च्या सुरुवातीला, प्रोसेसरची एफपीयू (दशांश आकड्यांची गणिते करणारा भाग) वापरण्यासाठीचे एक खुले फंक्शन काढून टाकले गेले आणि उरलेले फक्त जीपीएलसाठी राखीव होते. झेडएफएस आपले चेकसम (डेटा बिघडला का ते तपासणारे आकडे), रेड-झेडची (डेटा अनेक डिस्कांवर सुरक्षित ठेवण्याची) गणिते आणि एन्क्रिप्शन वेगाने करण्यासाठी त्यावर विसंबून होती. त्या लेखकांना अखेर एफपीयूची स्थिती जपण्याची व्यवस्था स्वतः लिहावी लागली. क्रोह-हार्टमन यांचे म्हणणे असे होते की सनने मुद्दाम लिनक्सशी न जुळणारा परवाना निवडला, तेव्हा त्यांच्यासाठी आम्ही कष्ट का घ्यावेत. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 2020 मध्ये सांगितले की ओरॅकलकडून अधिकृत लेखी संमती आल्याशिवाय ते हा कोड कर्नलमध्ये घेणार नाहीत. ओरॅकलच्या खटलेबाज स्वभावाकडे पाहता ही सावधगिरी योग्यच. पण कोड आत घेण्याची वाटच बंद असताना, आत या म्हणजे तुमची देखभाल होईल हे उत्तर लागू पडत नाही. झेडएफएसच्या लेखकांना त्यांच्या हातात नसलेल्या परवान्याची शिक्षा मिळते, हा अन्याय मला वाटतो.

आता दुसऱ्या टोकाची व्यवस्था पाहा. कंपन्यांना लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅटने आपल्या ग्राहकांसाठी कर्नलच्या आतल्या काही निवडक फंक्शनांची यादी ठरवून ती एका मोठ्या आवृत्तीपुरती स्थिर ठेवली. पुण्यात व्हेरिटास या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या कंपनीसाठी ज्यांनी स्टोरेजचे काम केले आहे त्यांना या यादीचे मोल वेगळे सांगायला नको. पण ही सोय फुकट मिळत नाही. आरएचईएल 8 चा, म्हणजे रेड हॅटच्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीचा कर्नल नावाने 4.18 आहे, मात्र त्यात पुढच्या आवृत्त्यांतले असंख्य बदल मागे आणून बसवलेले आहेत. त्यामुळे आवृत्ती पाहून कोड निवडणारा ड्रायव्हर फसतो, आकडा 4.18 सांगतो आणि फंक्शनचे स्वरूप पाचच्या मालिकेतले निघते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला रेड हॅटची वेगळी खूण तपासून वेगळी वाट लिहावी लागते. रिअल-टाइम, म्हणजे ठरलेल्या वेळेत काम करण्याची हमी देणाऱ्या कर्नलवाल्यांचीही अशीच परवड होते. लिनक्ससीएनसी हे कारखान्यातली यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर वापरून यंत्राची हत्यारे हलवणाऱ्याला प्रीएम्प्ट-आरटी हा रिअल-टाइम पर्याय हवा असतो, आणि एनव्हिडियाची बांधणी तो पर्याय दिसताच थांबते. ती पुढे न्यायची तर एक व्हेरिएबल हाताने द्यावे लागते आणि परिणामांची जबाबदारी आपली आपण घ्यावी लागते.

अँड्रॉइडने हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर भोगला. मूळ कर्नलवर गूगलचे बदल, त्यावर चिप बनवणाऱ्याचे, त्यावर फोन बनवणाऱ्याचे. गूगलच्याच कागदपत्रांनुसार एखाद्या फोनवर चालणाऱ्या कर्नल-कोडपैकी निम्म्यापर्यंत कोड मूळ झाडाबाहेरचा असू शकतो. सुरक्षेची दुरुस्ती मूळ कर्नलमध्ये झाली तरी या थरांतून खाली झिरपायला ती महिनोन्‌महिने घेई, किंवा पोहोचतच नसे. अँड्रॉइड 12 पासून, 5.10 कर्नलसह, गूगलने सर्वांसाठी एकच सामाईक कर्नल आणि त्याला जोडणारा एक गोठवलेला मॉड्यूल इंटरफेस आणला. ही स्थिरता मात्र दर अँड्रॉइड आवृत्ती आणि कर्नल आवृत्तीच्या जोडीपुरती आहे. आतला इंटरफेस कायमचा गोठवण्याचे धाडस गूगलनेही केलेले नाही.

शेवटी एनव्हिडियाकडे वळतो, कारण तिथे चित्र पालटले आहे. मे 2022 मध्ये कंपनीने आपल्या कर्नल मॉड्यूलांचा कोड एमआयटी (आणखी सैल असा खुला परवाना) आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याने खुला केला. नव्या ब्लॅकवेल कार्डांना तर फक्त हेच खुले मॉड्यूल चालतात. हे शक्य झाले कारण ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांत जीएसपी नावाचा स्वतंत्र प्रोसेसर आहे आणि पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेले पुष्कळसे काम त्याच्या बंद फर्मवेअरमध्ये, म्हणजे कार्डावरच चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हलवता आले. बंद कोड नाहीसा झाला नाही, पण तो कर्नलच्या स्मृतीतून बाहेर गेला. कर्नलच्या बदलामागे धावण्याचे ओझे त्याने खरोखरच हलके झाले. रस्ट या भाषेत लिहिला जाणारा, एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा नोव्हा ड्रायव्हर 6.15 पासून कर्नलच्या झाडातच वाढतो आहे.

ट्युरिंगच्या आधीच्या कार्डांत मात्र जीएसपी नाही. पास्कल पिढीतले जीटीएक्स 1050 किंवा 1060 आजही अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि घरांत चालते आहे, आणि त्याला जुना बंद ड्रायव्हरच लागतो. कंपनीने 580 ही त्या पिढीसाठीची ड्रायव्हरची शेवटची शाखा ठरवली आहे. नूव्हो हा खुला ड्रायव्हर ते कार्ड ओळखतो, पण कार्डाला एनव्हिडियाने डिजिटल सही केलेले फर्मवेअर हवे असल्याने त्याची गती वाढवू शकत नाही. कार्ड सुरुवातीच्या मंद वेगावरच अडकून राहते. ही शाखाही जेव्हा नव्या कर्नलशी जुळेनाशी होईल, तेव्हा या लोकांपुढे जुना कर्नल धरून सुरक्षेच्या दुरुस्त्या गमवायच्या की चांगले चालणारे कार्ड काढून टाकायचे, एवढेच पर्याय उरतील. एनव्हिडियाने त्या पिढीच्या गतिनियंत्रणासाठी लागणारे फर्मवेअर नूव्होला वापरण्याजोग्या स्वरूपात द्यावे, ही मागणी नूव्होचे लेखक अनेक वर्षे करत आले आहेत. त्या कार्डांची विक्री संपली आहे आणि त्यात जपण्यासारखे व्यापारी गुपित फारसे उरलेले नाही. ती मागणी मान्य करण्याची वेळ आता आली आहे.