लीचिएनचे घारे डोळे

नमस्कार श्रोतेहो.

चीनच्या वायव्येला गान्सू नावाचा प्रांत आहे. वाळवंट आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून जुना रेशीममार्ग इथून पश्चिमेकडे जायचा. या पट्टीत योंगचांगजवळ लीचिएन नावाचं खेडं आहे. तिथल्या काही माणसांचे डोळे घारे, हिरवट आहेत. केसही पिंगट आहेत. आजूबाजूला सगळे काळ्याभोर डोळ्यांचे. मग प्रश्न पडणारच, हे लोक आले कुठून?

ऑक्सफर्डचे चिनी भाषेचे प्राध्यापक होमर डब्ज यांनी १९५०च्या दशकात एक कल्पना मांडली. इ. स. पूर्व ५३ मध्ये इराणच्या पार्थियन सैन्यानं रोमचा सेनापती क्रॅसस याचा पराभव केला. हजारो रोमन सैनिक कैद झाले. पुढे सतरा वर्षांनी चीनच्या हान राजवटीचं सैन्य मध्य आशियात लढलं, तेव्हा शत्रूच्या बाजूचे काही सैनिक माशाच्या खवल्यांसारखी रचना करून उभे होते, अशी चिनी बखरीत नोंद आहे. डब्ज म्हणाले, ही ढालींची रोमन रचना. हे क्रॅससचेच हरवलेले सैनिक, आणि त्यांना लीचिएनला वसवलं. गोष्ट इतकी देखणी की घारे डोळे हा तिचा पुरावाच मानला जाऊ लागला.

२००७ साली चिनी संशोधकांनी लीचिएनसह चार समूहांतल्या २२७ पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं. बापाकडून मुलाकडे जाणारं हे गुणसूत्र. लीचिएनमधली ७७ टक्के वाय गुणसूत्रं फक्त पूर्व आशियात सापडणाऱ्या शाखांची निघाली. हे लोक हान चिनी लोकांच्या अगदी जवळचे होते, मध्य आशिया आणि युरोपपासून लांब. रोमन गोष्टीला आधार मिळाला नाही.

पण मग डोळे? वाय गुणसूत्राला डोळ्यांच्या रंगाबद्दल विचारून उपयोग नाही. तो कारभार मुख्यतः पंधराव्या गुणसूत्रावर चालतो. तिथे ओसीए-२ नावाचं जनुक आहे, ते बुबुळात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य तयार व्हायला मदत करतं. शेजारच्या हर्क-२ जनुकात एक जागा आहे, ती ओसीए-२ची तोटीच म्हणा. तिथलं डीएनएचं एकच अक्षर बदललं की तोटी आवळली जाते आणि मेलॅनिन कमी पडतं. निळ्या डोळ्यांत निळं रंगद्रव्य मुळीच नसतं, विखुरलेल्या प्रकाशामुळे ते निळे दिसतात. बदललेलं अक्षर आई आणि बाप दोघांकडून आलं तरच डोळे सहसा निळे होतात. एकाकडूनच आलं, तर ते काळ्या-तपकिरी डोळ्यांमागे पिढ्यान्‌पिढ्या लपून राहू शकतं. रेशीममार्गावर शेकडो वर्षं माणसं ये-जा करत होती, लग्नं होत होती. फिकट डोळे यायला रोमन पलटण कशाला हवी?

हान आणि जपानी लोकांत हे अक्षर जवळजवळ नाहीच. त्यांच्याकडे ओसीए-२मध्येच दुसरा बदल आहे, पूर्व आशियात फार पसरलेला. त्यानं त्वचा उजळते, पण डोळे तपकिरीच राहतात. मात्र हे तपकिरी सगळे सारखे नसतात. २०१६ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी बुबुळांचे बारीक फोटो मोजले, तेव्हा नुसतं ‘तपकिरी’ म्हणून जे निसटतं, तो फरक आकड्यांत दिसला. २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात जवळपास १,९५,००० माणसं होती. युरोपीय बुबुळांचा रंग ठरवणाऱ्या जनुकांच्याच हाती आशियाई बुबुळांचा रंगही बराचसा आहे, फक्त परिणाम सौम्य, असं त्यात दिसलं.

मला या सगळ्यात सर्वांत आवडते ती येनिसेई नदीकाठच्या किरगिझांची हकिगत. दक्षिण सायबेरियातल्या या लोकांचे केस तांबडे आणि डोळे हिरवे, असं चीनच्या तांग राजवटीचा इतिहास सांगतो. कुणाचे डोळे काळे असले, तर त्याला श्योंग्नू या भटक्या टोळ्यांना शरण गेलेल्या ली लिंग या चिनी सेनापतीचा वंशज म्हणत. तिथे काळे डोळे परके होते! त्याच भागातल्या कांस्ययुगीन आणि लोहयुगीन सांगाड्यांच्या डीएनएत २००९ साली निळ्या-हिरव्या डोळ्यांची चिन्हं भरपूर सापडली. कांस्ययुगातले सांगाडे तर क्रॅससच्या कितीतरी शतकं आधीचे. आपल्या कोकणातही घाऱ्या डोळ्यांवरून फुटलेल्या जहाजाची गोष्ट सांगतातच.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायची आहे. चिनी, जपानी किंवा आपल्याकडच्या एखाद्या घरात काळ्या डोळ्यांच्या आईबापांना निळ्याशार डोळ्यांचं बाळ होतं, किंवा त्याचा एक डोळा निळा आणि एक काळा असतो. लोक कुजबुजतात, आईकडे संशयानं बघतात. यामागे वॉर्डनबर्ग सिंड्रोम असू शकतो. डच नेत्रतज्ज्ञ वॉर्डनबर्ग यांनी १९५१ मध्ये त्याचं वर्णन केलं. पॅक्स-३ किंवा मिट्फसारख्या जनुकात बिघाड होतो, कधी आईबापांत नसलेला, त्या बाळातच नव्यानं झालेला. रंगपेशी बुबुळापर्यंत नीट पोचत नाहीत. याच पेशी आतल्या कानातही लागतात, त्यामुळे अशा कित्येक बाळांना जन्मतःच ऐकू येत नाही. कपाळावर पांढऱ्या केसांची बट असेल तर शंका आणखी बळावते. असं बाळ दिसलं तर त्याच्या आईला पहिल्या महिन्यातच बाळाची श्रवणचाचणी करून घ्यायला सांगा. वेळेत कळलं, तर श्रवणयंत्र, शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट किंवा खुणांची भाषा, यांतलं त्याला जे योग्य ते भाषा शिकण्याच्या वयातच मिळू शकतं.