डरहॅमला उतरायचं की नाही?

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची मुलं तरी ब्रिटनमध्ये आहेत, त्यामुळे लंडन-एडिंबरा प्रवास काय असतो हे मी सांगायला नको. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनला गाडीत बसायचं, साडेचार तासांच्या आत एडिंबरा. मधे डरहॅम लागतं, उत्तर इंग्लंडमधलं छोटं, जुनं गाव. तिथे उतरावं का, हा आजचा विषय. उत्तर आधीच देते, म्हणजे ज्यांना लवकर निघायचंय त्यांची सोय होईल: तीन तास हातात असतील तर उतरा. आता का, ते सांगते.

उत्तरेला जाताना गाडी डरहॅम स्टेशनच्या जरा आधी अकरा कमानींच्या एका उंच दगडी पुलावर येते. १८५७ मधला पूल आहे. उजव्या हाताला बसलेल्यांना खाली घरांची छपरं दिसतात आणि पलीकडे, झाडीच्या वर, किल्ला आणि कॅथेड्रल. डब्यातले सगळे फोन वर होतात. मिनिटभरात स्टेशन येतं, आणि बहुतेक जण पुन्हा आपापल्या सँडविचकडे वळतात.

माझी तक्रार या मिनिटाबद्दल आहे. थोडं सविस्तर सांगते, कारण हे माझ्या मनाला फार लागलेलं आहे. माझी मोठी बहीण आणि मी तिकडे जायचं ठरवलं तेव्हा इथल्याच एका सहल कंपनीकडे गेलो होतो. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत डरहॅमपुढे कंसात लिहिलं होतं, ‘गाडीतून दर्शन’. मी विचारलं, थांबत का नाही? समोरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, “काकू, खिडकीतून अख्खं दिसतं. उतरून वेगळं काय बघणार? तेवढ्या वेळात एडिंबऱ्यात दोन पॉइंट होतात.” मी आयुष्यभर पॉलिटेक्निकमध्ये बांधकामशास्त्र शिकवलं. त्या मुलाला मी तिथेच कागद मागून कॅथेड्रलच्या आतल्या छताच्या कमानी काढून दाखवल्या. ताई पदराआड हसत होती. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरोबर आहे काकू, पण ग्रुपला नाही जमणार.” मग आम्ही ग्रुप सोडला आणि तिकिटं भाचीकडून काढून घेतली.

त्याला दाखवलेल्या कमानी तुम्हालाही सांगते. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीवर ठरते, तिथे आपली मर्जी चालत नाही. छताच्या एका खणाच्या, म्हणजे चार खांबांमधल्या चौकोनाच्या, कर्णावर टाकलेली कमान सगळ्यात रुंद, म्हणून सगळ्यात उंच. खणाच्या कडेची कमान अरुंद, म्हणून बुटकी. दोघींचे माथे एका पातळीत यायचे कसे? डरहॅमच्या गवंड्यांनी कर्णावरच्या कमानी अर्धगोलच ठेवल्या आणि मुख्य दालनात आडव्या जाणाऱ्या कमानींना टोक काढलं. टोकदार कमान हवी तेवढी उंच नेता येते! काम १०९३ मध्ये सुरू झालं आणि ११३३ पर्यंत हे छत पुरं झालं. टोकदार कमानींची जी शैली आपण गॉथिक म्हणून ओळखतो, ती युरोपभर पसरण्याआधी. ज्यांनी सीएसएमटीच्या जुन्या तिकीटघरात मान वर करून छताच्या फासळ्या पाहिल्या असतील, त्यांनी या घराण्याची फार पुढची पिढी पाहिली आहे.

हे खिडकीतून दिसत नाही. बाहेरून तीन मनोरे दिसतात, बस. आतले खांब दिसत नाहीत. एकावर नागमोडी रेघा, एकावर चौकटी, एकावर पिळाच्या खोबणी, आणि सगळ्या कोरलेल्या. तुम्ही जाल तेव्हा खांबाला वळसा घालून खोबणीवरून बोट फिरवा. दगडांचे सांधे मधे येतात, पण रेघ चुकत नाही. म्हणजे प्रत्येक दगड आपली जागा ठरवून घडवलेला आहे.

ताईला कमानींत रस नव्हता. तिला तिथल्या एका स्वयंसेवक बाईंनी पश्चिमेकडच्या टोकाला जमिनीत बसवलेली काळसर संगमरवरी पट्टी दाखवली. पूर्वी इथे भिक्षूंचा मठ होता, त्या काळात बायकांनी त्या पट्टीच्या पुढे यायचं नाही असा नियम होता. ताईने चष्मा पुसला, पट्टीपाशी जाऊन उभी राहिली, आणि मग काठी टेकत, एकेक पाऊल टाकत थेट पूर्वेच्या टोकापर्यंत, संत कथबर्टच्या थडग्यापर्यंत गेली. वाटेत बसली नाही. एरवी दर दहा मिनिटांनी बाक शोधणारी बाई! शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ मध्ये बायकांना खुला झाला तेव्हा ती टीव्हीसमोरून उठली नव्हती, हे मला माहीत होतं, म्हणून मी मधे काही बोलले नाही.

कथबर्ट हा लिंडिसफार्न बेटावरचा बिशप, तो गेला ६८७ मध्ये. वायकिंगांच्या धास्तीने भिक्षूंनी ८७५ मध्ये लिंडिसफार्न बेट सोडलं ते त्याची शवपेटी घेऊन, आणि शंभरावर वर्षांनी, ९९५ मध्ये ती डरहॅमला आली. हे गाव वसलं ते त्यापायी. आज तिथे जमिनीत एक साधी शिळा आहे आणि तिच्यावर फक्त त्याचं नाव. दुसऱ्या टोकाला बीडचं थडगं. हा बीड म्हणजे इंग्लंडचा पहिला मोठा इतिहासकार. आणि याच इमारतीत १६५० साली डनबारच्या लढाईनंतर स्कॉटिश कैदी कोंडले होते, हजारोंनी, उपाशी. शेकडो मेले. २०१३ मध्ये शेजारी बांधकामाचं खोदकाम चालू असताना त्यांतल्या काहींची हाडं सापडली. एडिंबऱ्याला जाणाऱ्याने हे वाटेत पाहून जावं असं मला फार वाटतं.

चिठ्ठी आली. दहाच मिनिटं उरली आहेत आणि जे सांगायचं कबूल केलं होतं ते राहिलंच आहे. भरभर सांगते.

असा थांबा ठरवताना एकच बघा: गावात बघायचं मुख्य एकच आहे का, आणि ते स्टेशनपासून चालत आहे का. यॉर्क याच मार्गावर आहे, सुंदर आहे, पण तिथे तटबंदी, गल्ल्या, रेल्वे म्युझियम, सगळंच ओढतं. यॉर्कला मुक्काम करा. डरहॅम तीन तासांत बसतं. ज्यांची मुलं जर्मनीत आहेत त्यांना कोलोन, तिथे स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की कॅथेड्रल समोर उभं.

तीन तासांचा हिशोब असा. स्टेशन उंचावर आहे. खाली उतरायचं, फ्रॅमवेलगेट पूल ओलांडायचा, सिल्व्हर स्ट्रीटचा चढ चढायचा. धडधाकट माणसाला वीस मिनिटं, गुडघे दुखत असतील तर अर्धा तास धरा किंवा टॅक्सी करा. आत दीड तास. मग चहा, आणि परतीचा चढ. मनोऱ्याच्या सव्वातीनशे पायऱ्या या हिशोबात बसत नाहीत, त्यांचा मोह नको. दोनच तास असतील तर गाडीतच बसा. धावतपळत पाहण्यात अर्थ नाही. मुक्काम करणार असाल तर संध्याकाळची गायनप्रार्थना चुकवू नका, तिला तिकीट नसतं.

बॅग एकच, चाकांची, आणि ती चढावर आपल्याला ओढता आली पाहिजे. सामान स्टेशनवर ठेवता येईल असं गृहीत धरू नका.

आता तिकीट, सगळ्यात महत्त्वाचं. स्वस्तातलं ॲडव्हान्स तिकीट त्याच गाडीचं असतं. मधे उतरलात की पुढचा प्रवास त्यावर करता येत नाही. म्हणून लंडन ते डरहॅम एक आणि डरहॅम ते एडिंबरा दुसरं, अशी दोन काढायची. आधी काढली तर एकूण फरक बहुधा फार पडत नाही. साठीच्या पुढच्यांनी सीनियर रेलकार्ड घ्या, पाहुण्यांनाही मिळतं आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सवलत आहे. आणि मुलांना फोनवर सांगताना ‘डरहॅममार्गे’ असं सांगू नका, ते घाईत सरळ एडिंबऱ्याचं काढून मोकळे होतात. ‘दोन वेगळी तिकिटं, मधे तीन तास’ असं लिहूनच पाठवा.